कंटेनर तपासणीचा लिनॅक आखताना: आधी चित्र, मग तांबे

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. न्हावा-शेवासारख्या बंदरात उतरणाऱ्या कंटेनरांच्या क्ष-किरण तपासणीसाठी ६ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) इलेक्ट्रॉन लिनॅक, म्हणजे मायक्रोवेव्हच्या जोरावर इलेक्ट्रॉन सरळ रेषेत पळवणारे यंत्र, आखण्याचा प्रकल्प तुमच्या गटाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात घेतला आहे. कॅव्हिटीचे, म्हणजे ज्या पोकळ तांब्याच्या डब्यांत इलेक्ट्रॉनांना वेग मिळतो त्यांचे, संगणकीय प्रारूप तयार करण्यास सुरुवातही झाली आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या ६ एमईव्हीच्या लिनॅकची आखणी जशीच्या तशी उचलता येईल का, ६ एमईव्ही घ्यावे की ९, आणि कामाला कुठून हात घालावा, या तीन गोष्टी तुम्ही विचारल्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, उपचाराच्या यंत्राचा बराचसा भाग उचलता येतो. इलेक्ट्रॉन सोडणारी गन, तांब्याची कॅव्हिटी-माळ, मायक्रोवेव्ह निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन, त्याला उच्चदाबाचे झटके पुरवणारा मॉड्युलेटर या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. मात्र उपचारात रुग्णाला मिळणारी मात्रा एक-दोन मिनिटांत जमा होत जाते आणि एखादा पल्स, म्हणजे क्ष-किरणांचा क्षणिक झटका, थोडा दुबळा निघाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. चित्रणात प्रत्येक पल्स म्हणजे चित्रातली एक उभी रेघ असते आणि दुबळ्या पल्सची रेघ पडद्यावर तशीच दुबळी उमटते. आखणीतला मोठा फरक या एका गोष्टीतून निघतो. म्हणून कॅव्हिटीचे प्रारूप काही दिवस बाजूला ठेवा आणि चित्रापासून उलटे चालत या, असे मी सुचवेन. माझी तीसेक वर्षे मुंबईत लिनॅकच्या कामात गेली, आणि जे प्रकल्प रखडलेले पाहिले त्यांपैकी बहुतेक तांब्यापासून सुरू झालेले होते.

चित्रापासून सुरुवात म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. समजा ३०० मिलिमीटर पोलादाच्या आड काय आहे ते दिसले पाहिजे. ६ एमईव्हीच्या क्ष-किरणांची तीव्रता साधारण २८ मिलिमीटर पोलादात निम्मी होते. म्हणजे ३०० मिलिमीटरमध्ये ती जवळजवळ अकरा वेळा निम्मी होते आणि दीड-दोन हजारांतला एक भाग पलीकडे पोहोचतो. या जातीचे यंत्र टार्गेटपासून, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे आदळून क्ष-किरण निघतात त्या टंगस्टनच्या तुकड्यापासून, १ मीटरवर मिनिटाला सुमारे ८ ग्रे (शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रा देते. सेकंदाला २५० पल्स धरले तर एका पल्सला अर्धा मिलिग्रे पडतो आणि १० मीटरवरच्या डिटेक्टरपाशी तो पाच मायक्रोग्रेच्या आसपास उरतो. ५ मिलिमीटर बाजूच्या चौरस डिटेक्टरवर हे सुमारे दीड लाख फोटॉन होतात, आणि पोलाद मध्ये आले की त्यांतले जेमतेम शंभर उरतात. शंभर फोटॉनांच्या मोजणीत दहाचा चढउतार निसर्गतःच असतो, म्हणजे त्या ठिकाणी चित्रात दहा टक्के खरखर आलीच. डिटेक्टर सगळे फोटॉन पकडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात खरखर याहून जास्त. ती नको असेल तर प्रवाह वाढवा, ऊर्जा वाढवा, कंटेनर सावकाश चालवा किंवा डिटेक्टर जवळ आणा; पाचवा मार्ग मला तरी ठाऊक नाही. हा हिशेब एका कागदावर मावतो, पण त्यातूनच तुमच्या लिनॅकचा सरासरी प्रवाह ठरतो, प्रवाहातून मायक्रोवेव्हची शक्ती ठरते आणि शक्तीतून मॅग्नेट्रॉन ठरतो.

पल्सची वारंवारिताही अशीच चित्रातून येते. दर ४ मिलिमीटरला एक रेघ हवी असेल आणि यंत्र सेकंदाला ४०० पल्स देत असेल, तर माल सेकंदाला १.६ मीटर सरकू शकतो, म्हणजे ताशी पावणेसहा किलोमीटर. ट्रकसाठी हे ठीक आहे. मात्र ताशी ६० किलोमीटरने जाणारी मालगाडी न थांबवता तपासा, अशी मागणी कोणी केली, तर दोन रेघांमध्ये सुमारे ४२ मिलिमीटरची फट पडेल. अशा मागणीला मॉड्युलेटर आणि मॅग्नेट्रॉन दोन्ही वेगळ्या जातीचे लागतात.

फोकल स्पॉट, म्हणजे टार्गेटवर इलेक्ट्रॉनांचा झोत जिथे पडतो तो ठिपका, किती लहान असावा यावर तरुण अभियंते फार वेळ घालवतात. कंटेनरच्या बाबतीत तो घालवू नये. वस्तू टार्गेटपासून ६ मीटरवर आणि डिटेक्टर तिच्या मागे ४ मीटरवर असेल, तर २ मिलिमीटरच्या ठिपक्यामुळे कडेला येणारा धूसरपणा १.३ मिलिमीटर असतो आणि ५ मिलिमीटरच्या डिटेक्टरसमोर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. ठिपका १ मिलिमीटर करून चित्र सुधारत नाही, टार्गेट मात्र तापते. हेच यंत्र जाड ओतीव भागांच्या किंवा वेल्डिंगच्या तपासणीसाठी, किंवा सीटीसाठी वापरायचे असेल तर हिशेब पार उलटतो. तिथे डिटेक्टर अर्ध्या मिलिमीटरच्या आतला असतो आणि ठिपका हीच सगळ्यांत महाग वस्तू ठरते.

आता ऊर्जा. साधी क्ष-किरण नळी बाजारात ४५० किलोव्होल्टपर्यंत सहज मिळते. त्यापुढे एकाच दोन टोकांमध्ये इतका दाब धरून ठेवणारे इन्सुलेशन अवजड होत जाते, म्हणून मायक्रोवेव्हवर चालणाऱ्या लिनॅककडे वळावे लागते. ६ एमईव्ही म्हणताना एक लक्षात ठेवावे की हा वर्णपटाचा वरचा टोकाचा आकडा आहे. टार्गेटमधून निघणारे बहुतेक फोटॉन त्याच्या बरेच खाली असतात. त्याच प्रवाहाला समोरच्या दिशेने मिळणारी मात्रा ऊर्जेच्या सुमारे २.७ घाताने वाढते, म्हणून ६ वरून ९ एमईव्हीला गेल्यावर मात्रा तिप्पट होते आणि भेदनक्षमता ४०० मिलिमीटर पोलादाच्या आसपास पोहोचते. हा मोह खरा आहे, पण त्याला किंमत आहे. टंगस्टनच्या एका समस्थानिकातून न्यूट्रॉन बाहेर काढायला ६.२ एमईव्हीच्या आसपासचा फोटॉन पुरतो आणि शिशाच्या प्रमुख समस्थानिकांना ६.७ ते ८.१ एमईव्हीचा लागतो. ६ एमईव्हीच्या यंत्रात न्यूट्रॉनांचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही, तर ९ एमईव्हीला टार्गेट आणि त्याभोवतीचे शिसे दोन्ही न्यूट्रॉन सोडू लागतात. त्यांच्यासाठी हायड्रोजनयुक्त पॉलिथिलीन, बोरॉन आणि जागा लागते. मुंबईत यांतली जागा सर्वांत महाग. पहिल्या यंत्रासाठी ६ एमईव्ही घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे.

ऊर्जेविषयी बोलतो आहे तर दुहेरी ऊर्जेचेही सांगून टाकतो, कारण ग्राहक आज ना उद्या ती मागणारच. पोलाद आणि साखरेची पोती यांची सावली सारखीच गडद असू शकते. काही एमईव्हीच्या पातळीवर फोटॉन मुख्यतः कॉम्प्टन विकिरणाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरल्याने, अडतात आणि हा परिणाम अणुक्रमांकाशी साध्या प्रमाणात असतो, १.०२२ एमईव्हीच्या वर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी तयार होऊ लागते आणि तो परिणाम अणुक्रमांकाच्या वर्गाने वाढतो. म्हणून एक पल्स ६ चा आणि लगेच पुढचा ४ चा, असे एकाआड एक दिले तर दोन्हींच्या गुणोत्तरावरून समोरचा पदार्थ सेंद्रिय आहे की धातू, याचा अंदाज बांधता येतो. हे सर्व ज्या फरकावर उभे आहे तो अगदी लहान असतो, तेव्हा पल्सागणिक ऊर्जा एक टक्क्याच्या आत स्थिर राहत नसेल तर पडद्यावर रंग दिसतील, पण त्यांवर विसंबून कोणताही कस्टम्स अधिकारी कंटेनर उघडण्याचा निर्णय घेऊ शकणार नाही.

आता तांब्याकडे येऊ. मायक्रोवेव्हचा जमाखर्च हातानेच मांडावा, संगणक नंतर. २९९८ मेगाहर्ट्झला, म्हणजे एस-बँडमध्ये, तरंगलांबी १० सेंटिमीटर असते आणि प्रकाशवेगाच्या जवळ गेलेल्या इलेक्ट्रॉनासाठी एका कॅव्हिटीची लांबी तिच्या निम्मी, म्हणजे ५ सेंटिमीटर येते. ३० सेंटिमीटरची कॅव्हिटी-माळ घेतली आणि तिचा परिणामी शंट इम्पिडन्स (दिलेल्या शक्तीत किती व्होल्टेज उभे राहते याचे माप) मीटरला ८० मेगाओहम धरला, तर ६ मेगाव्होल्ट उभे करायला तांब्याच्या भिंतींत दीड मेगावॉट जातात. पल्समध्ये १०० मिलिॲम्पिअरचा झोत ६ मेगाव्होल्टने पळवायचा म्हणजे आणखी ०.६ मेगावॉट. बेरीज २.१ झाली; वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह वाहून नेणारी धातूची नळी), सर्क्युलेटर (परतणारी मायक्रोवेव्ह मॅग्नेट्रॉनपर्यंत जाऊ न देणारा भाग) आणि वारंवारितेच्या चुकामुकीत जाणारा वाटा धरला की २.६ मेगावॉटचा मॅग्नेट्रॉन पुरतो, पण ऐसपैस नव्हे. ४ मायक्रोसेकंदांचा पल्स सेकंदाला २५० वेळा दिला की सरासरी प्रवाह १०० मायक्रोॲम्पिअर येतो आणि वर गृहीत धरलेली मिनिटाला ८ ग्रेची मात्रा जुळते. हिशेब असा दोन्ही टोकांनी जुळला की मगच प्रारूप उघडावे.

या जमाखर्चात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. झोत स्वतःच कॅव्हिटीतली शक्ती खातो, त्यामुळे प्रवाह वाढला की ऊर्जा उतरते. वरच्या आकड्यांना जोडणीचा गुणांक (माळ वेव्हगाइडला किती घट्ट जोडली आहे याचे माप) १.४ घेतला तर झोत नसताना त्याच शक्तीत ७ मेगाव्होल्ट उभे राहतात आणि १०० मिलिॲम्पिअरला ते ६ वर येतात, म्हणजे दर १० मिलिॲम्पिअरला ०.१ एमईव्हीची घट. गनचा प्रवाह जरा हलला की मात्रा आणि वर्णपट दोन्ही हलतात ते याचमुळे. मात्रेतला फरक झोताच्या कडेला ठेवलेल्या संदर्भ डिटेक्टरने भागून काढता येतो. वर्णपटातला फरक तसा काढता येत नाही, आणि जाड मालाच्या मागे नेमका तोच उघडा पडतो. शिवाय गनचा प्रवाह कमी पडलेल्या यंत्राची ऊर्जा नकळत ६ च्या वर सरकलेली असते, हे शिल्डिंगचा, म्हणजे प्रारण अडवणाऱ्या आवरणाचा, हिशेब करताना विसरू नये. उलट ही घट जाणूनबुजून वापरून दुहेरी ऊर्जा मिळवता येते, पण ४ एमईव्हीला उतरायचे तर ३०० मिलिॲम्पिअरचा झोत लागेल आणि तेवढी गन आधीपासून धरावी लागेल.

कॅव्हिटी-माळेचा प्रकार निवडताना फार डोके खाजवू नका. लॉस अलामॉसच्या प्रोटॉन त्वरकासाठी १९६० च्या दशकात विकसित झालेली बाजूच्या कॅव्हिटीतून जोडणी करणारी, पाय-बाय-टू मोडमधली (शेजारच्या कॅव्हिटींत पाव तरंगाचा फरक ठेवणारी) उभ्या तरंगाची माळ हीच या कामाची मळलेली वाट आहे. जोडणाऱ्या कॅव्हिटी बाजूला गेल्यामुळे झोताच्या मार्गावरची सगळी लांबी कामाला येते आणि कारागिराच्या लहानसहान चुका हा मोड पोटात घालतो. अवघड असतात त्या पहिल्या दोन कॅव्हिटी. १५ किलोव्होल्टच्या गनमधून आलेला इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या २४ टक्क्यांनी चालत असतो, अर्ध्या एमईव्हीला ८६ टक्के आणि १ एमईव्हीला ९४ टक्के. सुरुवातीच्या कॅव्हिटी त्याच्या चालीप्रमाणे आखूड घ्याव्या लागतात, तिथले क्षेत्रही कमी-जास्त करावे लागते, आणि तरीही गनमधून निघालेल्या इलेक्ट्रॉनांपैकी एक तृतीयांश टार्गेटपर्यंत ठीक पोहोचले तर काम चांगले झाले असे समजावे. उरलेल्यांतले काही उलटे फिरून कॅथोडवर आदळतात आणि तो नको तेवढा तापवतात. तुमच्या संगणकीय प्रारूपाचा खरा उपयोग इथे आहे. बाकीच्या चार कॅव्हिटी एकदा बसल्या की एकमेकींच्या नकला असतात. ९.३ गिगाहर्ट्झच्या एक्स-बँडने यंत्र एक तृतीयांश लांबीचे होते आणि फिरत्या वाहनाच्या बूमवर बसवायला ते सोयीचे पडते, पण मापांतली सूटही तेवढ्याच पटीने आक्रसते. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नये.

मापांतली सूट म्हणजे किती, तेही बघा. ३ गिगाहर्ट्झच्या साध्या डबीसारख्या कॅव्हिटीची त्रिज्या ३८ मिलिमीटर असते आणि त्रिज्येत १ मायक्रॉनची चूक झाली की वारंवारिता सुमारे ७८ किलोहर्ट्झने सरकते. वेव्हगाइडला जोडलेल्या माळेची बँडविड्थ, म्हणजे ती स्वीकारते तो वारंवारितेचा पट्टा, ५०० किलोहर्ट्झच्याही आत आहे. १० मायक्रॉनच्या आत काम देणारा लेथ आणि तो चालवणारा माणूस हे दोन्ही मिळाल्याशिवाय ऑक्सिजनमुक्त तांब्याचे दंड विकत घेऊ नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असे कारखाने आहेत, पण त्यांना नकाशाबरोबर तापमानही लिहून द्यावे लागते, कारण तांबे दर अंशाला दशलक्षांत १७ भाग फुगते आणि दुपारी मोजलेले माप सकाळच्या मापाशी जुळत नाही.

हेच फुगणे यंत्र चालतानाही छळते. तांब्याच्या तापमानात १ अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे ५० किलोहर्ट्झ. म्हणून मॅग्नेट्रॉनला कॅव्हिटीच्या मागे धावायला लावणारी स्वयंचलित वारंवारिता-नियंत्रण यंत्रणा लागते आणि थंड करणाऱ्या पाण्याचे तापमान अर्ध्या अंशात धरावे लागते. परदेशी पुस्तकांत हे पाणी बऱ्याचदा खोलीच्या तापमानाला धरलेले दिसते. मुंबईत जुलैमध्ये दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. २० अंशांचे पाणी फिरवले तर वेव्हगाइडच्या फ्लँजवर, गनच्या उच्चदाब इन्सुलेटरवर आणि टार्गेटच्या नळ्यांवर थेंब धरतात आणि पुढचे काम ठिणगी करते. इथे माळ ३५ अंशांना ट्यून करावी आणि पाणी ३५ अंशांचेच फिरवावे. चिलरच्या जोडीला हीटर बसवायला सांगितला की सुरुवातीला सगळे हसतात. बंदराजवळच्या खाऱ्या हवेत चिलरचे ॲल्युमिनियमचे फिन किती लवकर पांढरे पडून झिजतात, तोही इथलाच अनुभव.

दमट हवेने माझी स्वतःची फजिती कशी केली, ते सांगण्यासारखे आहे. एका जुलैमध्ये आम्ही एस-बँडची एक माळ ट्यून करत होतो. ती क्लायस्ट्रॉनवर, म्हणजे मायक्रोवेव्हची शक्ती वाढवणाऱ्या नळीवर, ठरलेल्या एकाच वारंवारितेला चालायची होती. प्रयोगशाळेतले एअर कंडिशनर दोन दिवस बंद पडले होते, खिडक्या उघड्या होत्या, खोलीत ३० अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता. काम थांबवायला नको म्हणून माळेतून लहान मणी ओढत आतल्या विद्युतक्षेत्राची मोजणी पूर्ण केली, वारंवारितेला तापमानाची दुरुस्ती लावली, आणि आतली हवा काढल्यावर वारंवारिता जेवढी वाढते तेवढी, म्हणजे तक्त्यातली ०.८ मेगाहर्ट्झची दुरुस्तीही लावली. माळ ब्रेझ होऊन (भट्टीत मिश्रधातू वितळवून सांधली जाऊन), पंप लावून पूर्ण निर्वात झाल्यावर वारंवारिता अपेक्षेपेक्षा जवळजवळ ०.४ मेगाहर्ट्झ जास्त आली. दोन दिवस आम्ही भट्टीतल्या माणसाकडे संशयाने पाहत होतो. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की तक्त्यातला आकडा कोरड्या हवेचा आहे. मायक्रोवेव्हच्या दृष्टीने पाण्याची वाफ हवेपेक्षा कितीतरी जड असते आणि त्या खोलीतल्या हवेची दुरुस्ती १.२ मेगाहर्ट्झ यायला हवी होती. मॅग्नेट्रॉन असता तर त्याचा ट्यूनर थोडा फिरवून सुटलो असतो. क्लायस्ट्रॉनच्या यंत्रात तांबे आठ अंश जास्त तापवून वारंवारिता खाली आणावी लागली, आणि ३५ अंशांसाठी बांधलेले यंत्र पुढे कायम ४३ अंशांवर चालले. तेव्हापासून मोजणीच्या वेळी माळेतून कोरडा नायट्रोजन वाहता ठेवल्याशिवाय मी एकही आकडा वहीत लिहू दिलेला नाही.

ब्रेझिंगविषयी थोडक्यात. चांदी ७२ आणि तांबे २८ टक्क्यांचा मिश्रधातू ७८० अंशांना वितळतो, तांबे १०८५ ला. या फटीत दोन-तीन टप्पे बसवायचे असतील तर आधीच्या टप्प्यांना सोने-तांब्याचे, जास्त तापमानाला वितळणारे मिश्रधातू वापरतात, म्हणजे नंतरच्या भट्टीत आधीचा सांधा सुटत नाही. प्रत्येक सांध्याचा नमुना आधी कापून पाहावा. कॅव्हिटीच्या तोंडावर वितळलेली चांदी पसरली तर ती पुढे ठिणग्यांचे घर होते.

मॉड्युलेटर हा या यंत्रातला कमी मानाचा आणि जास्त त्रासाचा भाग. मॅग्नेट्रॉनला ४५-५० किलोव्होल्ट आणि शंभरहून अधिक ॲम्पिअरचा पल्स लागतो आणि त्याचा माथा सपाट हवा. तो उतरता असेल तर एकाच पल्सच्या पोटात वारंवारिता सरकते. कॅव्हिटीत क्षेत्र भरायला लागणारा काळ वरच्या आकड्यांनी सुमारे ०.६६ मायक्रोसेकंद येतो. गन मायक्रोवेव्हबरोबरच सुरू केली तर पहिले इलेक्ट्रॉन अर्धवट भरलेल्या क्षेत्रातून कमी ऊर्जेने जातात. फार उशिरा सुरू केली तर सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनांना ६ च्या ऐवजी जवळजवळ ७ एमईव्ही मिळतात. दोन्हींच्या मधली वेळ यंत्र चालू करून, मात्रा आणि वर्णपट पाहत शोधावी लागते, आणि तीच वेळ पुढे हजारो पल्स तशीच राहावी लागते. उपचाराच्या यंत्रात या गोष्टीकडे काणाडोळा चालतो, तुमच्या यंत्रात चालणार नाही. सगळ्यांत जास्त वेळ इथे राखून ठेवा.

टार्गेटवर सरासरी ६०० वॉट पडतात, हा आकडा फसवा आहे, कारण ते सलग पडत नाहीत. एका पल्समध्ये २.४ जूल येतात, साधारण १.२ मिलिमीटर जाडीच्या टंगस्टनमध्ये त्यांतले निम्मे मुरतात असे ढोबळ मानले आणि ठिपका १ मिलिमीटरचा असला, तर तेवढ्या कणभर धातूचे तापमान एका पल्सला सुमारे ५०० अंशांनी उडी मारते, सेकंदाला २५० वेळा. २ मिलिमीटरच्या ठिपक्याला हीच उडी सव्वाशे अंशांची होते. टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ते वितळण्याच्या कितीतरी आधी थकून तडकते. म्हणून रेनियम मिसळलेले टंगस्टन वापरतात, ते तांब्याच्या ठोकळ्यात ब्रेझ करतात आणि ठोकळ्यातून पाणी खेळवतात. कंटेनरसाठी ठिपका लहान करण्याच्या नादी लागू नका, असे वर म्हटले त्यामागे हाही हिशेब आहे. उपचाराच्या यंत्रात झोत सपाट करणारा शंकूसारखा धातूचा फिल्टर असतो, तो इथे पूर्ण काढून टाका. पंख्यासारख्या पातळ झोतात मधली आणि वरखालची तीव्रता वेगळी असली तर ती मोजून दुरुस्त करता येते, त्यासाठी फोटॉन जाळण्याची गरज नाही.

शिल्डिंग आणि परवानग्या शेवटी पाहू, असे म्हणणारे गट मी पाहिले आहेत. त्यांना तयार यंत्राभोवती नंतर शिसे चिकटवावे लागते आणि मग ते वजन उचलणारी चौकट पुरत नाही. टार्गेटभोवतीचे शिसे किंवा टंगस्टन, झोत पाडणारी फट आणि डिटेक्टरच्या मागचा झोत अडवणारा थर हे कॅव्हिटीबरोबरच कागदावर आले पाहिजेत. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीरावरचा परिणाम धरून मोजलेल्या मात्रेचे एकक) ही मर्यादा आहे. प्रारणाशी संबंधित कामगारांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट. ट्रकचा चालक सर्वसामान्य माणसांत मोडतो, आणि चालक केबिनमध्ये बसलेला असताना ट्रक यंत्रातून नेण्याची रचना असेल तर केबिन पुढे गेल्याची खात्री एकाहून अधिक, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या संवेदकांनी झाल्यावरच पहिला पल्स सुटला पाहिजे. अणुऊर्जा नियामक मंडळाचे कार्यालय अणुशक्तीनगरलाच आहे. आखणीचा पहिला मसुदा तयार झाला की त्यांच्याशी बोलणी सुरू करा, तांबे कापल्यावर नव्हे.

पाहण्यासारख्या जागाही या शहरात आहेत, हे तुमचे भाग्य. खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात भाभा अणुसंशोधन केंद्राचा १० एमईव्हीचा लिनॅक आहे. तो चित्रणासाठी नाही, पण मॉड्युलेटर, वेव्हगाइड आणि गन एकत्र कशा नांदतात ते तिथे दिसेल. पवईला आयआयटीच्या आवारात असलेल्या समीर या संस्थेने उपचाराचे लिनॅक देशात घडवले आहेत. भेटीची परवानगी महाविद्यालयामार्फत मागा आणि जाताना प्रारूपाची रंगीत चित्रे नेऊ नका. किती मिलिमीटर पोलाद, किती वेग, किती मोठा डिटेक्टर, किती अंतर आणि त्यातून निघालेला प्रवाह, एवढे पाच आकडे लिहिलेला कागद न्या. तोच कागद मलाही पाठवा. पहिल्या दोन कॅव्हिटींची लांबी आणि त्यांतले क्षेत्र यांवर पुढचे बोलणे त्यावरूनच करता येईल.